होल्बाइनने कुणालाही फसवलेलं नाही

वाशीवाला: परवा इथे दरबारी चित्रकार हान्स होल्बाइनने काढलेलं, इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याला लग्नाआधी दाखवलेलं ॲन ऑफ क्लीव्ह्ज या जर्मन राजकन्येचं चित्र टाकून कुणीतरी लिहिलं, ‘चित्रकाराने रूपवान रंगवली म्हणून आठवा हेन्री फसला.’ वाचून डोकं फिरलं. ऑगस्ट १५३९मध्ये होल्बाइनने जर्मनीतल्या ड्यूरेनला जाऊन तिला समोर बसवून हे चित्र केलं. चेहरा हुबेहूब उतरलाय, असं तिथे असलेल्या निकोलस वॉटन या इंग्लंडच्या राजदूताने कळवलं होतं. फसवणूक असती तर हेन्रीने सोडलं असतं का? लग्न जुळवणाऱ्या थॉमस क्रॉमवेल या मंत्र्याचं मुंडकं उडालं, होल्बाइनच्या केसालाही धक्का लागला नाही.

चेंदणीकर: वॉटन सोयरीक जमवायलाच गेला होता, तो वाईट कशाला लिहील? क्रॉमवेलला दरबारातल्या वैऱ्यांनी संपवलं, सगळं या लग्नावर नका ढकलू. आणि चित्र नीट बघा. अगदी समोरून काढलंय. नाक किती लांब, पत्ताच लागत नाही.

घोडबंदरवाली: २०११ साली नौपाड्यातल्या एका स्टुडिओत माझा दाखवायचा फोटो काढला. मला न विचारता रंग उजळला, हनुवटीवरचा तीळ पुसला. मुलाकडचे आले, पोहे झाले आणि त्याची आई सगळ्यांदेखत म्हणाली, “फोटोत वेगळी दिसतेस गं.” हातात चहाचा ट्रे घेऊन उभी असलेली माझी आई अजून डोळ्यांसमोर येते. चित्रकार निर्दोष वगैरे मला सांगू नका.

ऐरोलीकर: ताई, माझे काका तीस वर्षं फोटो काढत होते. ‘जरा गोरी करा हो’ असं मुलीचे वडीलच सांगायचे.

घोडबंदरवाली: माझ्या वडिलांनी सांगितलं नव्हतं! माहीत नसताना माणसाच्या बापावर जाऊ नका.

ऐरोलीकर: तुमच्या वडिलांना बोललो नाही हो. तुमच्या स्टुडिओवाल्याचं चुकलं, मान्य. पण सगळ्यांना एका माळेत ओवू नका. काकांचे त्या कामात डोळे गेले.

चेंदणीकर: धागा चित्राचा आहे की वधूवर मंडळाचा?

वाशीवाला: चित्राचाच, आणि ताईंचं बोलणं त्याला धरूनच आहे. होल्बाइनने तीळ पुसणाऱ्यासारखं काम केलेलं दिसत नाही. ॲनच्या जड पापण्या तशाच ठेवल्यात. टोपीवरचे मोती, बाह्यांची जर, एकमेकांवर ठेवलेले हात, सगळं शांतपणे बघून काढलंय. नाकाचं म्हणाल तर १५३८मध्ये ब्रसेल्सला त्याने हेन्रीसाठीच बघितलेल्या डेन्मार्कच्या क्रिस्तीनाला तीन तास बसवलं, तिचंही चित्र समोरूनच आहे.

बिघडलं ते ॲन इंग्लंडात आल्यावर, रोचेस्टर गावी. १ जानेवारी १५४०ला हेन्री वेश बदलून तिच्या खोलीत शिरला आणि तिचं चुंबन घेतलं. तिने ओळखलं नाही, ती खिडकीबाहेर बघत राहिली. तो ४८ वर्षांचा, पायाला वाहती जखम. ती २४ची, इंग्रजी येत नाही. मान त्याचा दुखावला आणि नावं ठेवली तिच्या रूपाला.

चेंदणीकर: रोचेस्टरचं पटतंय. नाकाचं अजून पटलेलं नाही.

घोडबंदरवाली: त्या पोरीला न सांगता खोलीत शिरला, हे मला ठाऊक नव्हतं. मग चित्रकाराला नाही बोलणार. सहा महिन्यांत लग्न रद्द झालं तरी ती रिचमंडच्या राजवाड्यात राहिली, १५५७पर्यंत जगली, हेन्रीच्या बाकी पाचही बायकांच्या मागे. माझंही ते स्थळ मोडलं. पुढच्या वेळी फोटो मी ठाणे स्टेशनजवळ काढून घेतला, आणि तीळ ठेवा म्हणून दोनदा बजावलं.