पाटीवर बहिणाबाई, खुर्चीत कोण?

तापीकाठ
१९९० मध्ये पुणे विद्यापीठातून वेगळं होऊन जळगाव, धुळे, नंदुरबारचं आपलं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं. २०१८ मध्ये त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव मिळालं. पहिले कुलगुरू डॉ. एन. के. ठाकरे यांच्यापासून आजवर त्या खुर्चीत एकही बाई बसलेली नाही. बडोद्यात हंसा मेहता १९४९ मध्येच कुलगुरू झाल्या होत्या.

पण कुलगुरू राज्यपाल नेमतात, ते जाऊ द्या. मला खुपतं ते आपल्या गावोगावच्या कॉलेजांमधलं प्राचार्यपद. कॉलेजांचा दर्जा ठरवणारं नॅक तपासणीला आलं की रात्री जागून फायली लावणार मॅडम. आयक्यूएसीचं, म्हणजे कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाचं, समन्वयकपद मॅडमकडे, गॅदरिंग मॅडमकडे. लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत तक्रार समितीचं अध्यक्षपदही मॅडमकडेच, कारण तिथे बाईच असावी असं २०१३ चा कायदा सांगतो. कायदा सांगत नाही तिथे मात्र सर. उच्च शिक्षणाच्या २०२१-२२ च्या सरकारी पाहणीत देशात १०० पुरुष अध्यापकांमागे ७७ स्त्रिया आहेत. म्हणजे वर्गात बाया आहेत, केबिनपर्यंत जाताना कुठेतरी गळतात. कुठे, ते बोलू या.

चाळीसगावकर
ताई, गळतात नाही, स्वतः बाजूला होतात. प्राचार्य म्हणजे नुसती खुर्ची नाही. संस्थेच्या चेअरमनचा रात्री दहाला फोन, उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयात पगारबिलासाठी हेलपाटे, कधी मुंबई, परीक्षेत कॉपी पकडली की गावातल्या पुढाऱ्याची शिफारस. माझ्या ओळखीच्या दोन सीनिअर मॅडमनी 'नको रे बाबा' म्हणून सांगितलं. आता त्यांच्यावर सक्ती करायची का? पद गुणवत्तेवर मिळावं, बाई म्हणून नाही.

तापीकाठ
भाऊ, तुमच्या यादीतलं एक तरी काम शिकवण्याशी किंवा संशोधनाशी संबंधित आहे का? चेअरमनचा रात्री दहाचा फोन ही कोणती गुणवत्ता? आणि मॅडम 'नको' म्हणाल्या ते पदाला, की त्या फोनला? सरांना घरी गेल्यावर ताट वाढलेलं मिळतं, मॅडमला वाढायचं असतं, एवढाच तर फरक आहे दोघांत.

चाळीसगावकर
घरचं कॉलेजात आणू नका.

तापीकाठ
रात्री दहाचा फोन कॉलेजचं घरी आणतो, ते चालतं.

सातपुड्याकडून
मी नंदुरबार जिल्ह्यात शिकवते, तासिका तत्त्वावर, म्हणजे कायम नाही, तासाप्रमाणे पैसे. तुमनं दोघासनं भांडन बरोबर शे, पन आमनापर्यंत ते येतच नाही. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या नियमांनी प्राचार्याला पीएच.डी., पंधरा वर्षांचा अनुभव, दहा शोधनिबंध आणि ११० संशोधन गुण लागतात. आम्ही मुली दरवर्षी जूनमध्ये नव्याने मुलाखत देतो, मार्चमध्ये मोकळ्या होतो. कायम जागा भरल्याच नाहीत तर पंधरा वर्षं मोजायची कुठून? धडगाव, अक्कलकुव्याकडून शिकून आलेली मुलगी नेट-सेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा पास होऊन इथवर पोहोचली, तर पुढच्या पायऱ्याच नाहीत. आधी भरती, मग प्राचार्यपदाची चर्चा.

तापीकाठ
हे सगळ्यात खरं. पण 'आधी हे, मग ते' म्हणत आपल्याकडे पिढी निघून जाते. दोन्ही एकदम मागावं लागेल.

पारोळ्याचे आप्पा
मी संस्थाचालक आहे, शिव्या द्यायला सोपा माणूस. एक सांगतो. स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये महिलांना ५० टक्के जागा मिळाल्या, चांगल्या सरपंचही झाल्या, पण 'सरपंचपती' नावाचा नवा हुद्दाही तयार झाला. उद्या प्राचार्यपद महिलांसाठी राखलं तर पहिल्या दहा जागांवर आमच्यासारख्यांच्या सुना नि लेकी दिसतील. मग तुम्हीच धागा काढाल, 'घराणेशाही'.

तापीकाठ
आप्पा, तुमच्या प्रांजळपणाला नमस्कार. पण सरपंचाला ११० संशोधन गुण लागत नाहीत. तुमच्या सूनबाईंकडे पीएच.डी., पंधरा वर्षं आणि दहा शोधनिबंध असतील, तर त्यांनी खुशाल बसावं, माझी हरकत नाही. आणि मी राखीव जागा मागितलेलीच नाही. निवड समितीचा अध्यक्ष संस्थेचाच असतो, घराणेशाही आजही त्याच दारातून आत येते. ती पुरुषांची असली की आपण तिला 'वारसा' म्हणतो, एवढंच.

गिरणाकाठचा मास्तर
मला मध्येच एक सुचतं. विद्यापीठाच्या विभागांमध्ये प्रमुखपद आलटून पालटून फिरतं. त्यामुळे तिथे बाईचा नंबर आपोआप लागतो, कुणाची मर्जी सांभाळावी लागत नाही. कॉलेजातही विभागप्रमुख, उपप्राचार्य असेच फिरते ठेवले तर? प्राचार्यपदाची जाहिरात निघेल तेव्हा मॅडमच्या अर्जात प्रशासनाचा अनुभव लिहायला काहीतरी असेल.

चाळीसगावकर
फिरत्या पदाचा हाल पाहिलाय. पहिलं वर्ष शिकण्यात, दुसरं सह्या करण्यात, तिसरं 'आता पुढचे बघतील' म्हणण्यात. जबाबदारी कुणाचीच नाही. उपप्राचार्य फिरता असेल तर वेळापत्रकसुद्धा दर तीन वर्षांनी नव्याने भांडून करावं लागेल.

गिरणाकाठचा मास्तर
आणि न फिरणारे वीस-वीस वर्षं एकाच खुर्चीत बसलेले विभागप्रमुख पाहिले नाहीत का? त्यांच्या काळात तरी कोणतं सोनं पिकलं?

पारोळ्याचे आप्पा
मास्तर, हे मात्र जमण्यासारखं आहे. उपप्राचार्यपद फिरतं ठेवायला मला कुणाची परवानगी लागत नाही. संस्थेच्या बैठकीत मांडून बघतो. जमलं नाही तर इथेच येऊन सांगेन, मागे लागू नका.

चाळीसगावकर
ताई, एक सरळ विचारतो. तुमच्या कॉलेजात आत्ता प्राचार्य कोण आहेत?

तापीकाठ
प्रभारी सर आहेत. सेवाज्येष्ठता यादीत ते तिसरे, वरच्या दोघी मॅडम. 'त्यांना नको आहे' असं संस्थेने परस्पर ठरवलं, विचारलं कुणीच नाही. त्यातली एक मीच.

चाळीसगावकर
मग इथे काय लिहिता? नकार दिला असेल तर तो लेखी असायला हवा. त्याची प्रत मागा संस्थेकडे. नसेल तर सहसंचालकांना अर्ज द्या, यादीची झेरॉक्स जोडून. माझं मत बदललेलं नाही, पण हे चुकीचं आहे. मसुदा हवा तर मी लिहून देतो, आस्थापनेत बरीच वर्षं काढली आहेत.

तापीकाठ
द्या. दुसऱ्या मॅडमशी उद्या बोलते, दोघींच्या सह्या असलेल्या बऱ्या.