मिश्र यादीत ख्याल ऐकू येत नाही, मेटल कानठळ्या बसवतं

खर्ज:
सध्या जे जे ऐकतोय त्याची यादी मित्रमंडळींना द्यायचीय. मारव्याचा ३८ मिनिटांचा ख्याल, पियानो-बास-ड्रम्सचं जॅझ, मेटलची दोन गाणी, ७८ आरपीएम तबकडीवरून उतरवलेली ठुमरी आणि एका इलेक्ट्रॉनिक अल्बममधले एकमेकांत मिसळणारे दोन भाग. काही फाइली फ्लॅक (आवाजातलं काहीही न गाळणाऱ्या), काही एमपी३. ख्यालासाठी आवाज वाढवला की पुढचं मेटल अंगावर येतं. त्या जोडभागांच्या मध्ये क्षणभर खड्डाही पडतो. सगळ्यावर कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबून आणि हळू आवाज वर ओढून फरक कमी करणारा) लावू का?

कानसेन:
कॉम्प्रेसर नको, ख्यालावर तर मुळीच नको. गायक श्वासाला थांबला की कॉम्प्रेसर पातळी वर ओढतो, तानपुरा फुगून पुढे येतो आणि पुढचा सूर लागताच पुन्हा दबतो. मारव्यातला कोमल रिषभ सावकाश उमलायला हवा, तिथे हे फार खुपतं.

रिप्लेगेन वापरा. तो मूळ आवाजाला हात न लावता फाइलीच्या टॅगमध्ये फक्त किती डेसिबल कमी-जास्त करायचं ते लिहितो. मिश्र यादीला 'ट्रॅक गेन' घ्या, म्हणजे प्रत्येक गाणं वेगळं मोजलं जातं. 'अल्बम गेन' एकाच अल्बमच्या फाइलींसाठी. लक्ष्य साधारण −१८ एलयूएफएस (कानाला सरासरी किती मोठं वाटतं त्याचं माप) असतं. समजा मेटल −८ वर आहे आणि ख्याल −२२ वर. मग गेन मेटलला −१०, ख्यालाला +४ डेसिबल. पण ख्यालाचं शिखर, म्हणजे सगळ्यात मोठा क्षण, −२ डेसिबलवर असेल (कमाल मर्यादा ०), तर +४ ने आवाज फाटेल (हेच क्लिपिंग), आणि 'क्लिपिंग टाळा' चालू असेल तर प्लेअर +२ वरच थांबेल. म्हणून प्रीअँप (प्लेअरमधली, सगळ्या गाण्यांना सारखीच लागणारी कमी-जास्त) −५ करा. मेटलचा एकूण गेन −१५ होईल, ख्यालाचा −१, आणि कुठेच फाटणार नाही. ऐकणाऱ्याने एकदाच आवाज वाढवायचा. हे प्रीअँप टॅगमध्ये जात नाही, ऐकणाऱ्याच्या प्लेअरमध्ये असतं. तेव्हा यादीसोबत तशी सूचना लिहा.

एवढं करूनही आलाप हळूच वाटेल. मोजणीत सरासरीपेक्षा १० एलयूहून (१ एलयू म्हणजे १ डेसिबल) जास्त खाली असलेले तुकडे धरलेच जात नाहीत, त्यामुळे आकडा द्रुताच्या तानांवरून ठरतो. ख्यालाच्या टॅगमध्ये हाताने +४ चं +६ करा. प्रीअँप धरून शिखर −१ वर येतं, तेवढी जागा आहे.

तबकडीवाला:
रिप्लेगेनसाठी ठुमरी स्कॅन करण्याआधी खरखरीतले टोकदार 'टक' काढा. एक टकसुद्धा शिखर म्हणून मोजला जातो, मग क्लिपिंग टाळण्याच्या नादात प्लेअर अख्ख्या ठुमरीचा आवाज कमी ठेवतो. सूं-सूं मात्र पूर्ण पुसू नका, तिच्यासोबत शब्दांची व्यंजनं झिजतात.

वेगही तपासा. जुन्या तबकड्या सगळ्याच ७८ ला कापलेल्या नाहीत. ७२ ची तबकडी ७८ ला वाजवली तर सूर जवळजवळ दीड अर्धस्वर चढतो आणि मुरक्या घाईच्या वाटतात. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादन प्रोग्रॅममध्ये वेग ०.९२३ पट करा. तिथला 'चेंज टेंपो' वापरू नका, त्याने लय बदलते पण सूर चढलेलाच राहतो.

समेवर:
खड्डा एमपी३ चा आहे. एमपी३ मध्ये आवाज ११५२ नमुन्यांच्या चौकटींत भरतात. सुरुवातीला थोडी शांतता येते, शेवटची चौकटही शांततेने भरून काढतात. किती कापायचं ते लेम एन्कोडर (एमपी३ बनवणारा प्रोग्रॅम) फाइलीच्या सुरुवातीला लिहून ठेवतो, पण काही प्लेअर ते वाचत नाहीत. दोन्ही भागांचं फ्लॅक असेल तर तेच द्या. नसेल तर मूळ सीडीवरून सलग एकच फाइल करा. आहे त्या एमपी३ चं फ्लॅक करून उपयोग नाही. रूपांतर करणाऱ्याने ती नोंद वाचली नाही, तर खड्डा कायमचा पक्का होतो.

क्रॉसफेड (एका गाण्याचा शेवट पुढच्याच्या सुरुवातीत मिसळणं) शून्यावर ठेवा. ५ सेकंदांच्या क्रॉसफेडमध्ये ठुमरीचा शेवट आणि जॅझचा उठाव दोन्ही जातात.

खर्ज:
प्रीअँप जमलं, ठुमरीचे टकही काढले. मारव्यानंतर काय ठेवू?

कानसेन:
मारव्यात पंचम वर्ज्य, षड्जही जपून लावतात. कान सगळा वेळ सा शोधत असतो. त्यानंतर त्याच षड्जावरची रचना आली तर घरी आल्यासारखं वाटतं. ख्यालाचा सा काळी एक असेल आणि जॅझ पांढरी एकमध्ये, तर अर्ध्या सुराचा फरक पहिले काही क्षण बेसूर लागतो. अशा ठिकाणी ५-६ सेकंदांची शांतता घाला किंवा नुसत्या ड्रम्सवर उघडणारं मेटल मध्ये ठेवा.