थोरली, मधला, शेंडेफळ: नातं टिकवण्याबद्दल तुमचा अनुभव काय?

आमची बोलणी सुरू होती तेव्हा गुरुजींनी आधी विचारलं, मुलगा थोरला का? आणि मुलगी? दोघंही थोरले, मग ज्येष्ठ महिना टाळा, तीन ज्येष्ठ नकोत. जूनमधला हॉल सोडावा लागला. तेव्हापासून डोक्यात आहे की कितव्या नंबरचे आहोत यावरून जन्मभराच्या नात्याकडे बघायची नजर बदलते का. मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड अॅडलरने हा विषय मांडला त्याला शंभरेक वर्षं झाली, पण २०१५ साली अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीतल्या २० हजारांहून जास्त लोकांचा डेटा तपासला तर स्वभावावर जन्मक्रमाचा परिणाम जवळजवळ नाहीच निघाला. मला मात्र वाटतं, स्वभाव नसेल बदलत पण घरात वाट्याला आलेलं काम नात्यात सोबत येतंच. तुमचं लिहा.

---

तिघी बहिणींत थोरली. नववीत होते तेव्हा बाबा आजारी पडले, मग धाकटीचा डबा, मधलीचा अभ्यास, दळण, सगळं माझ्याकडे आलं. पुढे प्रेमात पडले तेही अशाच मुलाच्या ज्याला सांभाळायची गरज होती, त्याचे परीक्षेचे फॉर्मसुद्धा मी भरायचे आणि यालाच प्रेम म्हणतात असं चार वर्षं समजत होते. तो सोडून गेला तेव्हा रडले, पण दुसऱ्या दिवशी सकाळी उठून कुणालाच आठवण करून द्यायची नव्हती, ते इतकं हलकं वाटलं की त्याचीच लाज वाटली. आता नवरा आहे तो घरातला दुसरा. मला डेंग्यू झाला तेव्हा त्याने पेज करून आणली तर मी चिडले, म्हटलं कशाला, मी केलं असतं की. १०२ ताप होता. कुणी आपलं केलेलं घ्यायचं कसं हे मी पस्तिशीत शिकतेय.

---

एकुलता एक. भांडण झालं की दार लावून घ्यायचं, एवढंच माहीत होतं. बायको चार भावंडांतली. तिच्या माहेरी एकदा दोघं भाऊ जमिनीवरून कडाकडा भांडले आणि अर्ध्या तासाने एकाच ताटातली भजी खात बसले, मी बघतच राहिलो. भांडलं म्हणजे संपलं असं नसतं हे मला तिथे कळलं.

---

मी मधला. मी आणि बायको कॉलेजपासून एकत्र, पण दादाचं जमत नव्हतं आणि थोरल्याच्या आधी धाकट्याचं कसं करायचं यावर घर अडलं. आजोबांनी तर धर्मशास्त्रातला 'परिवेत्ता' शब्दच काढला, थोरला बिनलग्नाचा असताना लग्न करणारा धाकटा. ती पाच वर्षं थांबली, तिच्या घरचे बोलायचे ते ऐकून घेत. शेवटी दादानेच आईला बसवून सांगितलं की माझ्यासाठी त्या पोरीला ताटकळत ठेवू नका. लग्नात सगळ्यात जास्त तोच राबला. त्याचं अजून झालं नाही आणि ते मला आजही बोचतं.

---

जुळ्या आम्ही, मी अकरा मिनिटांनी मोठी. तेवढ्यावर जन्मभर "तू मोठी ना, तू समजून घे". हेच वाक्य नवऱ्याने म्हटलं तेव्हा मी पहिल्यांदा नाही म्हटलं.

---

शेंडेफळ. ताईचा घटस्फोट चालू होता तेव्हा मी अकरावीत, कोर्टाच्या तारखांना आईसोबत मीच जायचे, बाहेरच्या बाकावर बसून अकाउंट्सची गणितं सोडवायचे. लोकांना वाटतं धाकट्यांना सगळं आयतं मिळतं, पण मोठ्यांच्या संसाराचे हाल आम्ही सगळ्यात जवळून बघतो आणि आम्हाला कुणी काही विचारत नाही. सात वर्षं मी आणि माझा बॉयफ्रेंड पुण्यात एकत्र राहतोय, लग्नाचं नाव निघालं की माझ्या पोटात गोळा येतो. गेल्या महिन्यात त्याने परत विचारलं. ताईला फोन केला तर म्हणाली, माझ्या तारखा मोजून तुझं ठरवू नकोस गं. त्याला उत्तर अजून दिलं नाहीये, पण यंदा गणपतीला घरी घेऊन जातेय.