मदत हवी आहे: डी अँड डी – सजेशन स्पेलमध्ये (जादूमध्ये) 'वाजवी' काय ते कसं ठरवायचं?

नमस्कार मंडळी. धरमपेठेत दर रविवारी आमचा ग्रुप डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) हा भूमिका घेऊन खेळायचा खेळ २०१४च्या नियमांनी खेळतो, डीएम (गोष्ट चालवणारा आणि निर्णय देणारा) मी. एक निर्णय येत्या रविवारच्या आत द्यायचा आहे.

आमची बार्ड (गाण्यातून जादू करणारं पात्र) खेळणारी मुलगी नवीन आहे, फारशी बोलत नाही. तिने किल्ल्याच्या पहारेकऱ्यावर सजेशन (सुचवलेलं काम करायला लावणारा स्पेल) टाकला: "तुझी पाळी संपली. किल्ली आमच्याकडे दे आणि घरी जाऊन झोप." त्याचा विझडम सेव्ह (जादू टाळण्यासाठी टाकायचा फासा) फसला. जुने खेळाडू लगेच म्हणाले, अनोळखी लोकांना कुठलाही पहारेकरी किल्ली देत नाही, म्हणजे सूचना वाजवी नाही, स्पेल वाया.

मला हे अजिबात पटत नाही. सूचना वाजवी वाटेल अशा शब्दांत मांडावी, एवढंच नियम सांगतो. पुस्तकातलं उदाहरणच बघा: नाइटने आपला लढाईचा घोडा वाटेत भेटेल त्या पहिल्या भिकाऱ्याला द्यावा! चालत नाहीत ती कामं म्हणजे स्वतःला भोसकणं, भाल्यावर उडी घेणं, जाळून घेणं. किल्ली देणं त्यात कुठे बसतं? सेव्ह फसल्यावरही "तो ऐकेल का" हे मीच ठरवणार असेन, तर दुसऱ्या लेव्हलचा स्लॉट (मोजक्याच वेळा मिळणारी स्पेल टाकायची संधी) खर्चून तिला मिळालं काय? (२०२४च्या आवृत्तीत 'वाजवी' जाऊन 'जमण्यासारखं' आलंय, २५ शब्दांची मर्यादाही आहे. पण कॅम्पेन, म्हणजे आमची सलग चाललेली गोष्ट, अर्ध्यात असताना नियम बदलायचे नाहीत.)

दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे. आपल्यावर जादू झाली हे पहारेकऱ्याला नंतर कळतं का? भुरळ घालणाऱ्या चार्म पर्सन स्पेलमध्ये कळतं असं स्पष्ट लिहिलंय. सजेशनमध्ये ते वाक्यच नाही.

प्रतिसाद १
भाऊ, किल्ली तिलेच भेटली पाहिजे. वाक्य नाही म्हणजे स्पेल स्वतःहून काही कळवत नाही, असं धर. पण त्याची आठवण थोडीच जाते? स्पेल टाकताना म्हणायच्या मंत्राचे शब्द वेगळे अन् सूचना वेगळी, असा अधिकृत खुलासा आहे. मंत्र त्यानं ऐकलाच असन. सकाळी किल्ली दिसली नाही की त्याच्या ध्यानात येईनच.

धागाकर्ता
हे पटलं. सूचना ऐकू आली म्हणजे मंत्रही आला असणार. मग स्पेल आठ तास टिकतो, की तो झोपला की संपला?

प्रतिसाद १
झोपला की संपला. सांगितलेलं काम आधी पुरं झालं तर स्पेल तिथंच संपते. म्हणून रात्री बायकोनं हलवून उठवलं, तर बोंब सकाळपर्यंत थांबणार नाही. पार्टीले (खेळाडूंच्या टोळीले) तेवढाच वेळ दे.