मदत हवी आहे: टेक्सासमध्ये राखीव पोलीस अधिकारी झालो, ड्यूटीचे साहित्य कमी खर्चात कसे जमवावे?

नमस्कार मंडळी,

मी मूळचा साताऱ्याचा. गेली अठरा वर्षे टेक्सासमध्ये राहतो आणि दिवसा संगणकाच्या क्षेत्रात नोकरी करतो. संध्याकाळच्या पोलीस अकादमीचा अभ्यासक्रम पूर्ण करून राज्याची परवाना परीक्षा उत्तीर्ण झालो आणि गेल्या महिन्यात एका लहान गावाच्या पोलीस खात्याने मला राखीव अधिकारी म्हणून घेतले. नावावरून गैरसमज होऊ नये म्हणून सांगतो, आपल्याकडील राज्य राखीव पोलीस दलातील नोकरीशी याचा काही संबंध नाही. हे पद होमगार्डच्या अधिक जवळचे आहे. फरक इतकाच की गस्तीवर असताना जबाबदारी आणि शस्त्र नियमित पोलिसाचे असते आणि पगार शून्य असतो.

खाते मला बिल्ला, वर्दीचे दोन जोड, वायरलेस संच आणि अंगावरचा कॅमेरा देणार आहे. बाकी सर्व साहित्य, म्हणजे कंबरपट्टा, होल्स्टर (पिस्तुलाचे म्यान), बेड्या, बॅटरी, बूट आणि बुलेटप्रूफ जाकीटसुद्धा, मी स्वतः घ्यायचे आहे. पिस्तूल माझ्याकडे आहे (ग्लॉक १७) आणि खात्याने ते मान्य केले आहे. मात्र त्याच्या नळीखाली दिवा बसवलेला असलाच पाहिजे, असा नियम आहे. शहरातील वर्दीच्या दुकानात सगळ्याची यादी करून घेतली तेव्हा बेरीज १९०० डॉलरच्या वर गेली. मी घरात ९०० डॉलर मंजूर करून घेतले आहेत आणि पुरवणी मागणी मांडण्याची माझी हिंमत नाही.

एक चूक करून बसलो आहे, तीही सांगतो. ‘ग्लॉक १७ साठी योग्य’ असे वर्णन वाचून मी ४५ डॉलरचे होल्स्टर ऑनलाइन मागवले. दिवा बसवलेले पिस्तूल त्यात जातच नाही, हे ते घरी आल्यावर कळले. शिवाय त्याचे कुलूप सोडण्याचे बटण तर्जनीने दाबावे लागते. घाईत पिस्तूल उपसताना दाबलेले तेच बोट सरळ ट्रिगरवर जाऊ शकते, असे सांगून प्रशिक्षकांनी ते नापास केले. दुकानदाराने उघडलेले पाकीट परत घेतले नाही.

आता तीन गोष्टींवर अडलो आहे. पहिली म्हणजे पट्टा चामड्याचा घ्यावा की नायलॉनचा? खात्याला दोन्ही चालतात. चामड्याचा सॅम ब्राउन पद्धतीचा पट्टा दिसतो रुबाबदार, आणि ज्याच्या नावाने तो ओळखला जातो त्या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८५८ मध्ये रोहिलखंडातील लढाईत डावा हात गमावला होता, हे कळल्यापासून मला त्याबद्दल उगाच कुतूहल वाटते. पण पूर्ण संचाला साडेतीनशे डॉलर पडतात. दुसरी म्हणजे निवृत्त झालेल्या एका अधिकाऱ्याचे बुलेटप्रूफ जाकीट मला १०० डॉलरमध्ये मिळते आहे, ते घ्यावे का? तिसरी म्हणजे यांपैकी कोणत्या वस्तूंवर काटकसर केली तर चालेल आणि कोणत्या वस्तूंवर मुळीच करू नये? महिन्यातून दोन किंवा तीन पाळ्याच मला करायच्या आहेत, हे कृपया लक्षात घ्यावे.

प्रतिसाद १

अभिनंदन. मी ह्यूस्टनच्या बाजूला अकरा वर्षे या कामात आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

ते जुने जाकीट घेऊ नका. जाकिटातील गोळीरोधक थरांची हमी साधारणपणे पाच वर्षांची असते, आणि जाकीट दुसऱ्याच्या छातीच्या मापाने बेतलेले असते. तुमच्या अंगावर बाजूला फट राहिली तर त्या फटीसाठी जाकीट असून नसल्यासारखेच. या धंद्यातील जुने लोक झायलॉन या कृत्रिम धाग्याची गोष्ट विसरलेले नाहीत. त्या धाग्याची जाकिटे उष्णता आणि दमटपणाने आतून कमजोर होत होती. २००३ मध्ये पेनसिल्व्हेनियातील एका पोलिसाच्या जाकिटातून गोळी आरपार गेली आणि २००५ मध्ये अशा जाकिटांची मानके ठरवणाऱ्या अमेरिकेच्या राष्ट्रीय न्याय संस्थेने झायलॉनच्या जाकिटांची मान्यता काढली. बाहेरून ती जाकिटे नव्यासारखीच दिसत होती. तुम्हाला मिळणारे जाकीट टेक्सासच्या उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत किती दुपारी पडून होते, हे विकणाऱ्यालाही आठवणार नाही.

जाकिटाचे पैसे खिशातून काढण्याआधी तुमच्या प्रमुखांना एक प्रश्न जरूर विचारा. १९९८ च्या कायद्याने सुरू झालेली केंद्र सरकारची बुलेटप्रूफ व्हेस्ट पार्टनरशिप ही योजना जाकिटाच्या किमतीच्या ५० टक्क्यांपर्यंत रक्कम देते. अर्ज तुम्हाला स्वतःला करता येत नाही, तो गावाने करायचा असतो, आणि जाकीट घालणे सक्तीचे असल्याचा लेखी नियम खात्याकडे असावा लागतो. लहान गावांत अनेकदा हे काम करायला माणूसच नसतो. कागदपत्रे भरून देण्याची तयारी तुम्ही दाखवली तर प्रमुखांनाही बरे वाटेल.

होल्स्टरवर काटकसर नको. सफारीलँड कंपनीचे तिसऱ्या पातळीचे (पिस्तूल कोणी हिसकावू नये यासाठीच्या सुरक्षेची ही पातळी) होल्स्टर घ्या, पण पिस्तुलाचे आणि दिव्याचे मॉडेल दोन्ही सांगून घ्या, कारण होल्स्टर त्या जोडीसाठी घडवलेले असते. त्यात पिस्तूल घातले की आपोआप अडकते आणि अंगठ्याने सुटते, त्यामुळे तर्जनीचा प्रश्नच येत नाही. मी दीडशे ते दोनशे डॉलर धरीन. ते आल्यावर पिस्तूल रिकामे करून, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवून, रोज पंधरा मिनिटे उपसण्याचा सराव करा.

पट्टा निःशंकपणे नायलॉनचा घ्या. महिन्यात तीन पाळ्यांसाठी चामडे म्हणजे लग्नातला शालू रोज नेसण्यासारखे आहे. चामडे जडही असते आणि त्याला पॉलिशही लागते. फक्त पट्टा कडक निवडा, कारण मऊ पट्टा होल्स्टरच्या वजनाने वाकतो. आतला पट्टा (पँटचा, ज्यावर ड्यूटीचा पट्टा बसतो) बांधून त्यावरून टेपने माप घ्या; पँटच्या मापावर विसंबून मागवलेला पट्टा हमखास अपुरा पडतो.

बेड्या, पट्ट्यावर अडकवायचा त्यांचा कप्पा, दंडुक्याचा कप्पा, बॅटरी या वस्तू जुन्या घेतल्या तरी हरकत नाही. बेड्या मात्र नामांकित कंपनीच्या असाव्यात, आणि किल्लीने दुहेरी कुलूप लागते की नाही, हे दहा वेळा लावून पाहावे. ते नीट लागले नाही तर बेडी अटक केलेल्याच्या मनगटावर आवळत जाते आणि इजा होते. रक्तस्राव थांबवण्यासाठी दांडीने पिळून आवळायचा पट्टा, म्हणजे टूर्निकेट, तुमच्या यादीत दिसला नाही. तो नवा, अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या. बाजारात नकली टूर्निकेट पुष्कळ आहेत आणि त्यांची दांडी पिळताना मोडते.

प्रतिसाद २

मी करसल्लागार आहे, म्हणून एवढीच भर घालतो. सरकारी संस्थेसाठी विनावेतन सेवा करताना केलेला आणि परत न मिळालेला खर्च, ज्यात एरवी वापरता न येणारी वर्दीही येते, केंद्रीय आयकरात देणगी म्हणून दाखवता येतो. हे तपशीलवार वजावट (एकेक खर्च दाखवून घेतलेली) घेणाऱ्यांसाठी; प्रमाणित वजावट (सरसकट ठरावीक रकमेची) घेत असाल तर त्या वर्षाचा नियम तपासून घ्या. दिलेल्या वेळेची किंमत धरता येत नाही. पावत्या जपून ठेवा.

मूळ लेखक

दोघांचेही मनापासून आभार. आज प्रमुखांना भेटलो. आमच्या गावाने त्या योजनेसाठी कधीच अर्ज केलेला नाही, असे कळले. त्यांनी माझ्यासमोर संकेतस्थळ उघडले आणि ‘आता हे काम तुझेच’ असे सांगितले. सक्तीचा लेखी नियम मात्र आधीपासून आहे. अर्ज मंजूर होईपर्यंत मला गस्तीवर न पाठवता ठाण्यातील नोंदींचे काम देणार आहेत, त्यामुळे घाई उरलेली नाही.

जुन्या जाकिटाला नकार कळवला. होल्स्टर, नायलॉनचा पट्टा आणि टूर्निकेट यांची मागणी नोंदवली. तिन्हींचे मिळून ३१० डॉलर झाले. बेड्या त्या निवृत्त अधिकाऱ्याने जाकिटाच्या नकाराचा राग न धरता वीस डॉलरला दिल्या आणि दुहेरी कुलूप स्वतः लावून दाखवले. आता बुटांचे तेवढे सांगा: उन्हाळ्यात बारा तास उभे राहायचे असेल तर आतून जलरोधक अस्तर असलेले बूट घ्यावेत, की त्याने पाय अधिक घामेजतात?