मदत हवी आहे : इंडियाना ड्यून्सला शाळेची सहल, गटातली एक मुलगी व्हीलचेअरवर

नमस्कार मंडळी,

आम्ही शिकागोजवळ नेपरव्हिलला राहतो. लेक चौथीत आहे. मे महिन्यात तिच्या वर्गाची सहल इंडियाना ड्यून्स नॅशनल पार्कला, म्हणजे मिशिगन तळ्याकाठच्या वाळूच्या टेकड्यांवर, जाणार आहे आणि सोबतच्या पालकांमध्ये माझं नाव आहे. माझ्या गटातली एक मुलगी व्हीलचेअर वापरते. माझ्या लेकीची जवळची मैत्रीण आहे ती.

कार्यक्रम असा आहे : वेस्ट बीचवरची ड्यून सक्सेशन ट्रेल (पायवाट) चालायची, मग किनाऱ्यावर डबे खायचे. ट्रेल जेमतेम मैलभराची, पण टेकडी चढायला दोनशेहून जास्त पायऱ्या. त्या मुलीसाठी काय, असं विचारलं तर उत्तर मिळालं की ती खाली टेबलाशी बसून वर्कशीट सोडवेल, एक मोठं माणूस सोबत असेल. हे मला अजिबात पटत नाही. दीड तास बसमध्ये बसून तिथे जायचं आणि कागदावर वाळूच्या टेकड्या रंगवायच्या?

बाईंचा हेतू चांगलाच आहे. ती ट्रेल त्यांनी विचार करून निवडली आहे. शिकागो विद्यापीठाच्या हेन्री काउल्स यांनी १८९९ साली याच टेकड्यांच्या अभ्यासातून दाखवून दिलं की पाण्यापासून आत चालत गेलं की काळातही मागे गेल्यासारखं होतं. आधी उघडी वाळू, मग गवत, मग कॉटनवूड, पुढे जॅक पाइन, त्यामागे ब्लॅक ओकचं रान. हे मुलांना पायाखाली दिसावं असं मलाही वाटतं. पण हेच सगळं पायऱ्यांशिवाय, सगळ्या वर्गाला एकत्र दाखवता येईल अशी जागा तिथे आहे का? कोणी व्हीलचेअर घेऊन गेलं आहे का? आणि शाळेशी कसं बोलावं, म्हणजे बाई दुखावणार नाहीत?

आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद

ताई, आम्ही गेली बरीच वर्षं व्हॅलपरायझोला आहोत, पार्क घरापासून जवळ. तुमच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' आहे.

याच पार्कमधल्या पोर्टेज लेकफ्रंटला जा. पक्का रस्ता आहे, बाक आहेत, मिशिगन तळं समोर दिसतं. पूर्वी तिथे पोलाद कारखान्याच्या सांडपाण्याची जागा होती, ती साफ करून २००८ साली लोकांसाठी खुली केली. कारखाना आजही शेजारी दिसतो आणि मुलांना तो मुद्दाम दाखवा. १९१६ सालीच इथे राष्ट्रीय उद्यान करायचं घाटत होतं. पन्नास वर्षं गेली, आणि १९६६ साली बंदराला जागा देऊन उरलेला किनारा 'नॅशनल लेकशोर' म्हणून वाचवला. २०१९ साली त्याला नॅशनल पार्कचा दर्जा मिळाला. मिशिगन सिटीची हूझियर स्लाइड ही भली मोठी टेकडी तर काचेच्या बरण्या करण्यासाठी वाघिणी भरभरून नेली, आज तिथे काही उरलेलं नाही. चौथीच्या मुलांना ही गोष्ट बरोबर कळते.

आता सक्सेशन, म्हणजे उघड्या वाळूपासून रानापर्यंत एकामागून एक झाडोरा येत जाणं. त्याची सुरुवात रस्त्याच्या कडेलाच आहे. मॅरम गवत नीट बघा : वाऱ्याने पात्याचं टोक वाळूवर घासत राहतं आणि गवताभोवती कंपासने काढावं तसं अर्धवर्तुळ उमटतं. खुर्चीत बसलेल्या मुलीला ते उभ्या मुलांपेक्षा जास्त जवळून दिसेल. वाळूचा थर चढला की हे गवत त्यातून वर येतं. कॉटनवूडचं खोड वाळूत गाडलं गेलं तर त्या खोडालाच नवी मुळं फुटतात. या दोन गोष्टी समजल्या की टेकडी जागेवर कशी टिकते ते समजलं.

पुढचा टप्पा म्हणून बेव्हर्ली शोर्सला ग्रेट मार्श. तिथे निरीक्षण-मचाणापर्यंत छोटा पक्का रस्ता जातो. दोन जुन्या वाळूच्या रांगांमधली ही पाणथळ जागा आहे आणि मे म्हणजे पक्ष्यांच्या स्थलांतराचा काळ. बस कुठे लावायची ते मात्र रेंजरला आधी विचारा. पाऊस आलाच तर गॅरीतलं पार्कचं डग्लस सेंटर आहे, इमारतीत व्हीलचेअर सहज फिरते.

वाळूत चालणारी रुंद चाकांची खुर्ची मिळते का, हेही व्हिजिटर सेंटरला फोन करून विचारा आणि मिळत असेल तर त्या दिवसासाठी सांगून ठेवा. लाटांनी किनारा खचत असतो, त्यामुळे जायच्या आठवड्यात पुन्हा एकदा फोन कराच.

प्रतिसाद

वरच्या काकांशी सहमत. माझा मुलगाही खुर्ची वापरतो, म्हणून दोन गोष्टी सांगते.

आधी त्या मुलीच्या आईशी बोला, शाळेशी नंतर. लेकीला काय आवडतं, किती वेळ बसवतं, स्वच्छतागृहात कोणाची मदत चालते, हे तिलाच माहीत असतं. मुलीलाही विचारा. आपण परस्पर तिची बाजू घेऊन भांडलो तर तिलाच अवघड होतं.

दुसरं, तुम्ही शाळेकडे मेहेरबानी मागत नाही आहात. अपंगत्वामुळे कोणाला वगळू नये असं सांगणाऱ्या १९७३ च्या रिहॅबिलिटेशन ॲक्टच्या कलम ५०४ मध्ये शाळेच्या सहलीसुद्धा येतात. लिफ्टची बस ही शाळेची जबाबदारी आहे. पण सुरुवात कायद्याने करू नका. काकांनी दिलेला कार्यक्रम एका कागदावर लिहून न्या. बाईंना तयार पर्याय मिळाला की बहुतेक त्या आनंदाने घेतात, कारण त्यांनाही ते वर्कशीट मनापासून आवडलेलं नसतं.

धागाकर्ती

काका, ताई, दोघांचे खूप आभार. पोर्टेजचं मला ठाऊकच नव्हतं. आज तिच्या आईला फोन करते. एक शंका : मुलं माउंट बाल्डी या तिथल्या मोठ्या वाळूच्या टेकडीचा हट्ट धरणार आहेत. तिथे जाता येतं का?

प्रतिसाद

बाल्डी त्या दिवशी नकोच. २०१३ साली तिथे सहा वर्षांचा मुलगा वाळूतल्या पोकळीत गाडला गेला होता. तीन तासांहून जास्त खणल्यावर तो जिवंत सापडला. गाडलेली जुनी झाडं आतून कुजून पोकळ्या तयार झाल्या होत्या. तेव्हापासून टेकडीवर मनाला येईल तसं चढता येत नाही. मुलांना ही हकिकत बसमध्येच सांगा, मग आखलेला रस्ता कोणी सोडणार नाही.

अंगाला लागलं की खाज आणि पुरळ आणणारं तीन पानांचं पॉयझन आयव्ही ओळखायला शिकवा, पायमोजे लांब घाला आणि परतल्यावर गोचिडी तपासा. खुर्चीच्या पट्ट्यांमध्येही बघा. प्रवेश शुल्कात शाळांना सवलत असते, पण त्यासाठी आधी अर्ज लागतो. बाईंना आत्ताच आठवण करा, मे महिन्यात शाळांची गर्दी असते.