क्लायंटला वॉर्डरोब पूर्ण सॉलिड सागात हवाय, प्लाय अजिबात नको. कसं करावं?

सागवेडा
नमस्कार मंडळी, एक वॉर्डरोबचं काम हातात आलंय, सल्ला हवाय. भिंत ते भिंत ३ मीटर, उंची २४०० मिमी (छत २४५० ला आहे), खोली ६००. क्लायंट म्हणतायत की दारं, बाजू, कप्पे, ड्रॉवर सगळं सागाचं आणि प्लाय मागच्या बाजूलासुद्धा नको. मी आजवर बॉडी प्लायची, वर व्हिनियर (लाकडाचा पातळ पापुद्रा) आणि कडेला सॉलिड पट्टी असंच केलंय, दारं फक्त सॉलिड केलीयेत, त्यामुळे ६०० रुंदीच्या सॉलिड बाजू जोडून उभ्या केल्या आणि नंतर फुगल्या किंवा आकसल्या तर काय होईल याची धास्ती वाटतेय. लाकूड आणलंय, मीटरवर ओलावा १४ टक्के दाखवतोय. दुसरं म्हणजे त्यांना १२०० चे लांब कप्पे हवेत, मधे उभी फळी नको, २० मिमी जाडीत चालेल का? आणि आतून फिनिश काय मारू?

उभीशीर
भाऊ, होतं सॉलिडमध्ये, नीट होतं, फक्त लाकूड हलणार हे धरूनच डिझाइन करायचं. पहिलं म्हणजे १४ टक्क्यांवर कापायला घेऊच नका. घरातल्या फर्निचरला ८ ते १२ च्या मधे हवं, आणि त्यातही ज्या खोलीत कपाट बसणार तिथे लाकूड जिथे स्थिरावतं तो आकडा खरा. मधे पट्ट्या घालून थप्पी लावा, हवा खेळू द्या, मीटरचा आकडा बदलायचा थांबला की मग रंध्याला लावा.

आता बॉडीचं सांगतो. लाकूड शिरेच्या (म्हणजे धाग्यांच्या) दिशेने जवळजवळ हलतच नाही, हलतं ते रुंदीत. बाजूची शीर उभी ठेवली आणि कप्प्याची शीर डावीकडून उजवीकडे, तर दोघांची रुंदी पुढून मागे येते, म्हणजे दोन्ही एकाच दिशेने सारखेच हलतात आणि खाचेत ग्लू लावून बसवलं तरी भांडण नाही. भांडण होतं ते बाजूवर आडवी ठोकलेली कुठलीही गोष्ट असेल तिथे, म्हणजे ड्रॉवरचे चॅनल, आधाराच्या पट्ट्या वगैरे. त्यांचा पुढचा स्क्रू घट्ट गोल भोकात, मागचे सगळे लांबट भोकात, आणि लाकडी पट्टी असेल तर ग्लू फक्त पुढच्या दोन-तीन इंचात. हे पाळलं नाही तर बाजूला उभी चीर पडते आणि ती नंतर बुजवता येत नाही.

किती हलतं याचा अंदाज असू द्या. साध्या कापाच्या सागाच्या ५०० रुंद फळीत ओलावा ४ टक्के बदलला तर साडेतीन-पावणेचार मिमी फरक पडतो, रेडियल कापाची (ओंडक्याच्या मध्यापासून बाहेरच्या दिशेने कापलेली) फळी असेल तर साधारण २. साग तसा शांत आहे, ओक असता तर हेच जवळपास दुप्पट झालं असतं. आणि सागाला तेल असतं, रंधा मारल्यावर लगेच ग्लू करा, नाहीतर आधी थिनरने किंवा अ‍ॅसिटोनने पुसून मग, नाहीतर जोड धरत नाही.

कप्पेवाली
१२०० ला २० मिमी नको दादा. कप्प्यावर सारखं वजन पसरलेलं असेल तर झोल लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो, ९०० चे १२०० केले की झोल तिपटीच्या वर जातो, आणि हा पहिल्या दिवशीचा हिशोब, लाकूड वजनाखाली हळूहळू आणखी बसत जातं ते वेगळंच. जाडीचा फायदा घनाने मिळतो, १९ च्या जागी २५ घेतली तर झोल निम्म्याहून कमी. मला विचाराल तर २५ जाडी आणि पुढच्या कडेला ४० उंचीची सॉलिड पट्टी, तिची शीर कप्प्याच्याच दिशेने असते त्यामुळे बिनधास्त ग्लू करता येते, कप्पा ताठ राहतो आणि दिसायलाही भरीव. मागच्या कडेला बॅकवर एक आधारपट्टी द्या, पण कप्पा तिच्यावर नुसता टेकू द्या.

आत फिनिशला जवसाचं तेल किंवा ऑइल पेंट टाइप काही लावू नका प्लीज. बंद कपाटात तो वास फार काळ राहतो आणि कपड्यांना लागतो. शेलॅक (लाखेचं पॉलिश) किंवा वॉटर बेस लॅकर, आणि आतून बाहेरून दोन्हीकडून सारखेच हात, एकाच बाजूला मारलं तर फळी बाक घेते.

ओळंबा
वरचं सगळं बरोबर, पण मागच्या बाजूबद्दल माझं मत वेगळं आहे. तिथे मी क्लायंटशी सरळ बोलेन. ६ मिमी चांगला प्लाय मागे घातला तर पूर्ण बॉडी गुण्यात (काटकोनात) राहते, सॉलिडमध्ये ते काम होत नाही. नाहीच म्हणाले तर एकमेकांत खाच असलेल्या अरुंद पट्ट्या, ग्लू न लावता, प्रत्येक पट्टीला मधे एकच स्क्रू. मग कोपरे ताठ ठेवायला वर-खाली मागे जाड आडव्या पट्ट्या लागतील, त्यातूनच भिंतीला बांधा. भिंत बाहेरची असेल तर मागे थोडी हवा सोडा, ओल आली की सॉलिडला जास्त त्रास.

आणि एक गोष्ट कोणी बोललं नाही म्हणून: २४०० उंच आणि ६०० खोल कपाट आडवं नेऊन खोलीत उभं करताना कोपऱ्याकोपऱ्याचं माप २४७४ होतं, तुमचं छत २४५०. उभंच राहणार नाही! बेस वेगळा करा, १०० चा, तो पाणसळीने लेव्हल करून ठेवा, त्यावर २३०० चे तीन खण. तिरपं माप मग २३७७, आरामात उठतं. दोन्ही भिंतींना ओळंबा लावून बघा, भिंती क्वचितच सरळ असतात, कडेला ३०-४० ची सुटी पट्टी ठेवा आणि ती भिंतीच्या वळणाला तासून बसवा.

सागवेडा
छताचं माप माझ्या डोक्यातच नव्हतं, फार मोठी मदत झाली ओळंबा दादा. बेस वेगळाच करतो. मागच्या पट्ट्यांचं आणि २५ च्या कप्प्यांचं क्लायंटला ड्रॉइंगवर दाखवून सही घेतो, लाकूड ऋतूप्रमाणे हलतं तेही लिहूनच देतो. दारं २१०० ची फ्रेम-पॅनल (चौकटीच्या खाचेत बसवलेली फळी) आणि वर वेगळी लॉफ्टची दारं असा विचार आहे. पॅनल खाचेत मोकळं ठेवतो, पण मग ते खडखडणार नाही का?

उभीशीर
वर आणि खाली, रुंदीच्या बरोब्बर मधे एकेक खिळी मारा, पॅनल मधे धरलेलं राहतं आणि दोन्हीकडे मोकळं हलतं. खाचेत रबराचे छोटे गोळे घातले की आवाजही नाही. आणि पॅनलला पॉलिश फ्रेममध्ये बसवायच्या आधी कडेपर्यंत मारा, नाहीतर कोरड्या दिवसांत आकसल्यावर कडेला कच्च्या लाकडाची पांढरट रेघ दिसते. २१०० च्या सॉलिड दाराला बिजागऱ्या ४ तरी लावा, आणि फ्रेमच्या उभ्या पट्ट्यांना सगळ्यात सरळ शिरेचं लाकूड आत्ताच बाजूला काढून ठेवा.